कोल्हापूर वगळून

“हे ‘पहिला’ कशावरून?” एवढंच सोनममॅडमनी विचारलं होतं, तेही चहाचा कप बशीत ठेवता ठेवता.

बैठक संपल्यातच जमा होती. तेजस्वीची शेवटची स्लाइड दाखवून झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं: गूळ करताना उसाचा रस निवळण्यासाठी वाळवलेल्या रानभेंडीच्या पुडीचा वापर, पहिला शास्त्रीय अभ्यास. गुऱ्हाळावर रस उकळायला लागला की रानभेंडीची ओली खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी काहिलीत ओततात. रसातली घाण त्या बुळबुळीत अडकून वर येते, तिला मळी म्हणतात, आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. हे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण ओली भेंडी ऐन हंगामात कमी पडते, मग कुणीकुणी रसायनाचा डबा उघडतो. तेजस्वीने त्या खोडांच्या सालीची पूड केली होती. किती उष्णतेवर वाळवायची, किती टाकायची, टाकल्यावर रसातून किती प्रकाश आरपार जातो, हे सगळं मोजण्यात तिची चार वर्षं गेली होती.

“म्हणजे, यापूर्वी कुणी केलेलं सापडलं नाही मॅडम,” ती म्हणाली.

“सापडलं नसेल. पण कुठं शोधलंत, कोणत्या शब्दांनी, काय काय आलं, ते एका पानावर लिहून आणा.” डॉ. सोनम बनसोडे समितीवरच्या बाहेरच्या सदस्य होत्या, सांगलीहून यायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. “पुढच्या बैठकीत ते पान बघू, आणि मग प्रबंध सादर करायला परवानगी देऊ.”

“आणि पान नाही पटलं तर?” विभागप्रमुखांनी हसत विचारलं.

“तर प्रबंधाचं नाव बदलायचं. किंवा काम.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तेजस्वीचे मार्गदर्शक, विजयसिंह सर, मोठ्यांदा हसले. सर कागल भागातले. वर्गात प्रमाण भाषा बोलायचे आणि व्हरांड्यात घरची.

“आगं, गूळ म्हटल्यावर जगात दुसरं कोल्हापूर हाय का? हितं न्हाय झालं ते कुठं होणार हाय? लिही की एक पान. तास-दोन तासाचं काम.”

तेजस्वीलाही तसंच वाटलं होतं. ती नेटकी मुलगी होती. प्रयोगशाळेत बाटलीला दोन्ही बाजूंनी लेबल लावणारी ती एकटीच, बाटली कशीही ठेवली तरी नाव दिसावं म्हणून. स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध धुंडाळायच्या त्या संकेतस्थळावर, तिने चार वर्षांत जे जे शोधलं होतं ते जपून ठेवलेलं होतं. शिवाय तिने तिथं सूचनाही लावून ठेवल्या होत्या, नवा लेख आला की मेल यावा म्हणून. दोनेक वर्षांत एकही मेल आला नव्हता. ते तिला चांगलं लक्षण वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तिने पान लिहायला घेतलं. इंग्रजीत शोधलेले शब्द एकाखाली एक उतरवले: गूळ निवळणे कोल्हापूर. रानभेंडी पूड गूळ कोल्हापूर. गुऱ्हाळ वनस्पतिजन्य पदार्थ कोल्हापूर. भेंडीचा चिकट रस गूळ कोल्हापूर.

“काय करालीस?” पलीकडच्या टेबलावरून मोना आली. मोना इचलकरंजीची. मागांच्या कारखान्यांतून वाहणाऱ्या रंगीत पाण्यावर तिचं काम चाललं होतं आणि तिच्या ॲप्रनवर कायम एखादा निळा किंवा तांबडा डाग असायचा. इकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ असंच बोलायची.

“पान लिहिते आहे. मॅडमनी मागितलंय ते.”

मोना वाकून वाचत राहिली. “हे काय गं? सगळीकडं कोल्हापूर?”

“विषयच कोल्हापूरचा आहे.”

“ते भेंडीला म्हाईत हाय व्हय?”

तेजस्वी पुढची ओळ उतरवायला लागली.

“काढून बघ की एकदा.”

“कचरा येतो मग. पहिल्या वर्षी बघितलंय मी. सरांनीच सांगितलेलं, नुसतं गूळ टाकलंस तर औषधं नि पाककृती येतात, कोल्हापूर टाक म्हणजे मुद्द्याचं तेवढं येतं.”

“येऊ दे की कचरा. मी इचलकरंजीचं नाव घालून बसलो असतो, तर सगळ्या जगात रंगाचं पाणी एकट्या इचलकरंजीतनंच वाहतंय, असं झालं असतं.”

तेजस्वीने स्कॉलर उघडलं, नेहमीचा शोध टाकला आणि त्यातला कोल्हापूर हा शब्द खोडला. तोपर्यंत पडद्यावर जेमतेम दहाबारा लेख होते, त्यांचा आकडा एकदम हजारांत गेला. गुळाने खोकला जातो का. गुळात लोह किती. काँक्रीटमध्ये गूळ घातला तर सिमेंट उशिरा धरतं का. तिने ते काँक्रीटचं शीर्षक दोनदा वाचलं.

“हे बघ, मी सांगतो,” मोनाने कीबोर्ड ओढून घेतला. दोन शब्द जोडीनेच यायला हवे असतील तर अवतरणात घालायचे. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह. हा किंवा तो शब्द चालत असेल तर मध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’. लेख चांगला वाटला की त्याच्याखालच्या छोट्या ओळीवर दाबायचं, नंतर कुणी कुणी त्याचा आधार घेतला ते दिसतं. मागं जायचं असेल तर लेखाच्या शेवटची संदर्भसूची. असं मागंपुढं जात राहायचं.

“मला माहीत आहे हे,” तेजस्वी म्हणाली. माहीत होतंच. पीएचडीच्या सुरुवातीला यावर रीतसर परीक्षा झाली होती आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

सिमेंट वजा केलं. खोकला वजा केला. गुळाबरोबर बुळबुळीत रसाचं शास्त्रीय नाव अवतरणात घातलं. यादी उतरत उतरत दोन पानांवर आली. तेजस्वीने एकेक शीर्षक वाचलं. ओल्या भेंडीवरचं होतं, ते तिने आधीच वाचलेलं होतं. पुडीवरचं काही नव्हतं. तिला हायसं वाटलं.

“झालं समाधान?”

“थांब की,” मोना म्हणाली. “भाईर गुळाला काय म्हणतात?”

“जॅगरीच.”

“भाईर म्हणजे पार भाईर. ब्राझील बिझील.”

तेजस्वीने कीबोर्ड परत आपल्याकडे ओढला. कारण तिला ते माहीत होतं. तिच्या स्वतःच्या प्रबंधाचं दुसरं वाक्यच तसं होतं: गुळाला जगाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे आहेत, जसे की पॅनेला, रापादुरा, पिलोनसिओ, कोकुतो. हे वाक्य तिने एका आढावा लेखातून घेतलं होतं, त्या लेखाने दुसऱ्यातून घेतलं होतं. गुळावरच्या प्रत्येक प्रबंधाच्या दारात ते तोरणासारखं लटकलेलं असायचं. दारातून आत जाताना तोरणाची पानं कोण वाचतं?

तिने ‘पॅनेला’ टाइप केलं आणि पुढं बुळबुळीत रसाचं नाव.

तिसराच लेख. कोलंबिया देशातला, स्पॅनिश भाषेत, वर आठ ओळींचा इंग्रजी सारांश. बाल्सो नावाच्या झाडाची साल वाळवून केलेली पूड, उसाचा रस निवळण्यासाठी. मोनाने खुर्ची जवळ ओढली. दोघींनाही स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. पण तक्ते होते, आणि तक्त्यांतले आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात. पाचव्या पानावर एक आलेख होता. आडव्या रेषेवर पुडीचं प्रमाण, उभ्या रेषेवर रसातून आरपार गेलेला प्रकाश. रेघ वर चढत होती, थोडी सपाट होत होती आणि मग खाली वाकत होती, कारण पूड जास्त झाली की तिच्यानेच रस गढूळ होतो.

तेजस्वीने स्वतःची फाइल उघडून आपला आलेख शेजारी ठेवला.

“आईशप्पथ,” मोना हळूच म्हणाली. “जुळी भावंडं.”

तेजस्वी बराच वेळ दोन्ही रेघा बघत राहिली. हाच आलेख तिला तीन वर्षांपूर्वी सापडला असता, तिच्या आकड्यांवर तिचाच विश्वास बसत नव्हता तेव्हा, तर ती आनंदाने प्रयोगशाळाभर नाचली असती. इतक्या लांब, दुसऱ्याच झाडावर, दुसऱ्याच माणसांनी मोजलं आणि तेच आलं, म्हणजे आपलं बरोबर आलं. आता तिला नक्की काय होतंय तेच कळेना. बरोबर आलं, म्हणून वाईट वाटत होतं.

तिने लेखाचा शेवट भाषांतराच्या यंत्रात घातला. यंत्राने मराठी ओबडधोबड केलं, पण अर्थ लागत होता: ‘लेखकांच्या माहितीनुसार वाळलेल्या पुडीचा हा पहिला अभ्यास आहे.’

“ह्येंचा बी पहिलाच,” मोना म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

त्यापुढचे दोन दिवस तेजस्वी नुसती चाचपडत होती. तोच लेख एका ठिकाणी प्रबंध म्हणून दिसायचा, दुसऱ्या ठिकाणी लेख म्हणून, तीन वर्षांच्या अंतराने. मग पहिला तो कधीपासून धरायचा? मोबाइलवर शोधलं तर क्रम वेगळा, संगणकावर वेगळा. त्या लेखाचा आधार कुणी घेतला ते बघायला गेली, तर ब्राझीलमधला एक लेख निघाला, त्याच्या मागं आणखी एक. प्रत्येकाच्या सुरुवातीला तेच तोरण लटकलेलं, फक्त आपल्या देशाचं नाव पुढं आणि बाकीची मागं. भारतातलं ‘गुर’ हे नाव सगळ्यांच्या यादीत शेवटी असायचं. त्या नावाने कुणी शोधलं असेल असं एकाच्याही संदर्भसूचीवरून वाटत नव्हतं.

रविवारी ती आकाराममामाच्या गुऱ्हाळावर गेली. तिचे मोठे प्रयोग तिथंच झाले होते. कागलच्या अलीकडे एसटीतून उतरलं की धुराचा आणि पाकाचा वास यायला लागतो, रस्ता विचारावा लागत नाही. मामा उसाच्या मोळ्या उतरवून घेत उभा होता. तिने मोबाइलवर त्या लेखातलं छायाचित्र काढून त्याच्यापुढं धरलं. तीन माणसं, एक मोठी काहील, वाफ, आणि एकाच्या हातात लांब दांड्याचा झारा.

“कुणाचं गुऱ्हाळ?” मामाने विचारलं.

“कोलंबियातलं. अमेरिकेच्या खाली एक देश आहे.”

मामाने मोबाइल हातात घेऊन लांब धरला. “न्हाय. ह्ये आपल्यातलंच हाय. गणपतराव, ओ गणपतराव, ह्ये बघा हो जरा.”

गणपतराव गुळव्या. पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. त्यांनी हात पुसून बघितलं. “ह्यो टोपीवाला तर आमच्या मेव्हण्याचा पावणा दिसतोय,” ते ठामपणे म्हणाले. “निपाणीकडचा.”

“कोलंबियाचा आहे हो.”

“मग तिकडं गेला आसंल कामाला.”

तेजस्वीला हसूही आलं आणि रडूही. तिने मामाला जमेल तसं सांगितलं, की आपण केलं तेच यांनी आधी करून ठेवलंय, आणि आता आपलं नवं काय ते मला सांगता येत नाहीये.

“त्येंनी भेंडी घेतली हुती?”

“नाही. दुसऱ्या झाडाची साल.”

“मग आपलं कुठं केलं? त्येंनी त्येंचं केलं, तू तुझं केलंस. भांडण कशाचं?”

ते ऐकून तिला थोडं बरं वाटलं, पण ते काहिलीजवळ उभं असेपर्यंतच. एसटीत बसल्यावर तिला कळत होतं की झाड कुठलंही असो, काम करतो तो त्यातला बुळबुळीत पदार्थ, आणि त्याबद्दल सांगायचं ते त्या आलेखाने आधीच सांगून टाकलं होतं. नुसतं झाड बदललं म्हणून ‘पहिला’ म्हणायचं, तर उद्या कुणी अंबाडीची पूड करेल आणि तोही पहिला होईल.

सोमवारी तिने सरांना सांगितलं. सरांच्या खोलीत भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चौकटीत लावलेलं होतं: ‘गुळाच्या भेंडीवर कोल्हापुरात जगातला पहिला अभ्यास’. फोटोत सर आणि त्यांच्या मागं अर्धी तेजस्वी. सर तो लेख खाली-वर करत राहिले.

“स्पॅनिश हाय की हे.”

“हो सर.”

“मग हे वाचलंय कुणी?”

“बऱ्याच जणांनी आधार घेतलाय त्याचा. आपल्या लेखाचा एकानेही नाही.” तिचा एक लेख दोन वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात आला होता. त्याच्याखालचा उल्लेखांचा आकडा शून्यावरून कधी हललाच नव्हता.

सर खुर्चीत मागं रेलले. चिडले नाहीत, त्यामुळे तिला जास्त अवघड वाटलं. “मार्केट यार्डात गुळाच्या व्यापाऱ्यांपुढं भाषण केलंय गं मी. पहिला, पहिला म्हणून.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मॅडमनी काय मागितलंय? तू कसं शोधलंस त्याचं पान. चार वर्षं तू कोल्हापूर घालूनच शोधलंस का न्हाय?”

“हो.”

“त्यात हे सापडलं?”

“नाही.”

“मग तेवढंच लिही. खोटं काय हाय त्यात?”

तेजस्वी टेबलाशी परत आली आणि ते पान समोर घेऊन बसली. सर म्हणाले ते बरोबर होतं. पानावरची एकेक ओळ खरी होती. शब्द खरे, तारखा खऱ्या, सापडलेल्या लेखांची संख्या खरी. एवढं सगळं खरं लिहून पान खोटं कसं काय होतं, हे तिला शब्दांत मांडता येईना. शास्त्रात तिला असला प्रश्न कधी पडला नव्हता. तिथं आकडा चुकला तर चुकला, बरोबर आला तर बरोबर. इथं आकडे बरोबर होते आणि चूक त्यांच्या आधीच कुठंतरी होऊन गेली होती, ती टाइप करताना सवयीने शेवटचा शब्द टाकायची तेव्हा.

काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तिने त्या कोलंबियाच्या बाईंनाच लिहिलं. लेखावर पत्ता होता, नाव होतं डॉ. मार्सेला. तिने इंग्रजीत सहा वाक्यं लिहिली, यंत्राकडून स्पॅनिश करून घेतली, आणि आपला तो शून्य उल्लेखांचा लेख सोबत जोडला. मोना म्हणाली, “उत्तर येतंय होय. आपल्या इथं शेजारच्या विभागातनं येत न्हाय.”

बैठक दोन दिवसांवर आली तेव्हा उत्तर आलं. लांबलचक होतं. यंत्राने त्याचं जे मराठी केलं ते वाचायला दोघींना डोकं एकमेकींना लावून बसावं लागलं.

‘प्रिय सहकारी, तुमचा आलेख बघून मी नवऱ्याला हाक मारली. हा आलेख आमचाच आहे. मला लाज वाटते की तुमचा लेख मला माहीत नव्हता. पण मी तो कसा शोधला असता? मी नेहमी गुळाच्या शास्त्रीय नावाने शोधते, नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर. तुमच्या लेखाच्या शीर्षकात एक गाव आहे, आणि खाली दिलेल्या शोधशब्दांत ते गाव पुन्हा आहे, आणि बाकीचे तीन शब्द मला उच्चारता येत नाहीत.’

तेजस्वीने आपला लेख उघडला. शोधशब्द: कोल्हापूर, गूळ, गुऱ्हाळ, रानभेंडी. चारही मराठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. तिनेच दिले होते. तेव्हा तिला ते अचूक वाटले होते.

“म्हणजे तू तिला दिसत न्हवतीस आनी ती तुला,” मोना म्हणाली. “बरं झालं. पुढं वाच.”

‘एक गोष्ट मला समजली नाही. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिता की पूड मार्च ते नोव्हेंबर ठेवली आणि गोणीतली खराब झाली. इतके महिने का ठेवली? लागेल तेव्हा ताजी का करत नाही?’

तेजस्वीने ते पुन्हा वाचलं. प्रश्नच तिच्या डोक्यात शिरेना. “का ठेवली म्हणजे? पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं ना.”

“ते तिला काय म्हाईत?”

“अगं, पण पावसाळ्यात कोण गूळ करेल? ऊसच नसतो तोडायला. रानभेंडीची साल हंगामाच्या शेवटी काढायची, आणि पुढच्या हंगामापर्यंत...” ती बोलता बोलता थांबली. मग तिने तो स्पॅनिश लेख परत वर काढला आणि नमुने कधी घेतले तो तक्ता शोधला. जानेवारी. एप्रिल. ऑगस्ट. नोव्हेंबर.

“त्यांच्यात हंगामच न्हाय,” मोना म्हणाली.

“वर्षभर करतात.”

“मग ठेवायचा प्रश्नच न्हाय.”

तेजस्वीला तो परिच्छेद आठवला. आठ ओळींचा होता, अगदी शेवटी. मामाच्या माळ्यावर तिने पूड गोणीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि झाकण मेणाने बंद केलेल्या डब्यात अशी तीन प्रकारे ठेवली होती. गोणीतली गणपतीच्या सुमारास ढेकळं होऊन गेली, पिशवीतली अर्धीमुर्धी राहिली, डब्यातली दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं तेव्हा जशीच्या तशी चालली. हे तिने लिहिलं होतं ते नमुने वाया का गेले याचा खुलासा म्हणून. हा काही शोध आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं. जे कोल्हापुरात सगळ्यांनाच माहीत असतं, त्याचा शोध कसला?

तिला आनंद झाला का? तेही तिला नीट सांगता आलं नसतं. ज्याला चार वर्षं ती मुख्य समजत होती ते दुसऱ्याचं निघालं होतं, आणि जे फेकून द्यायचं म्हणून शेवटी कोंबलं होतं तेच आपलं असावं असं दिसत होतं. कपड्यांची अदलाबदल व्हावी तसं काहीसं. तिने जॅगरी धरून पाचही नावांनी पुन्हा शोधायला घेतलं, पुढं साठवण, मग दमटपणा, मग टिकाऊपणा. जे आलं ते वाचलं. जे आलं नाही, तेही लिहून ठेवलं.

बैठकीच्या दिवशी तिने ठेवलेलं पान दोन भागांचं होतं. वरच्या भागात चार वर्षांचे शोध, शेवटी कोल्हापूर असलेले. खालच्या भागात गेल्या दहाबारा दिवसांतले, कोल्हापूर वगळून. मध्ये तिने फक्त एक रेघ मारली होती. पान देताना तिने सरांकडे बघितलं नाही. सरांनीही खिडकीबाहेर काहीतरी असल्यासारखं तिकडं बघितलं.

सोनममॅडमनी चष्मा लावून पान शेवटपर्यंत वाचलं. विभागप्रमुखांचा चहा निवून गेला.

“म्हणजे पहिला नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाही मॅडम.”

“आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

“तुम्ही पान मागितल्यावर.”

मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. “मग तुमचं काय आहे यात?”

तेजस्वीने तीन प्रकारच्या साठवणीचं सांगितलं. ती घाबरली की हळू बोलायची, त्यामुळे विभागप्रमुखांना पुढं वाकावं लागलं. गोणी, पिशवी, डबा. पावसाळा. वर्षभर गूळ करणाऱ्यांना हा प्रश्न का पडत नाही, आणि आपल्याला का पडतो.

“याबद्दल शोधलंत?”

“हो. खालच्या भागात शेवटचे शोध तेच आहेत. पाच नावांनी.”

“सापडलं?”

“नाही.”

“म्हणजे हे पहिलं,” विभागप्रमुख एकदम खुलून म्हणाले.

“तसं मी लिहिलेलं नाही सर,” तेजस्वी म्हणाली. “या शब्दांनी, या तारखेपर्यंत सापडलं नाही, एवढंच लिहिलंय.”

मग मॅडमनी पान घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं. “हे पान प्रबंधाला जोडा. रेघेसकट. नाव बदला. पण एकाच पावसाळ्याचे नमुने पुरायचे नाहीत. आणखी एक पावसाळा घ्या, मग सादर करा.”

आणखी एक पावसाळा म्हणजे आणखी एक वर्ष. तेजस्वीने मान हलवली. काम वाचलं होतं आणि लांबलंही होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात झाल्या होत्या, त्यामुळे आभार कशाचे मानायचे ते तिला कळेना. तिने मानले.

संध्याकाळी ती नव्या नावाचा मसुदा घेऊन सरांच्या खोलीत गेली. कात्रण अजून भिंतीवर होतं. सर दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते.

“शोधशब्द काय घातलेस?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर. जॅगरी. पॅनेला. वनस्पतिजन्य चिकट पदार्थ. साठवण.”

“आनी कोल्हापूर?”

“घातलंय सर. शेवटी.”

“शेवटी व्हय,” सर पुटपुटले. मग म्हणाले, “ती बाई कुठं राहते म्हणालीस? डोंगरात?”

“डोंगराळ भाग आहे म्हणे.”

“पन्हाळ्यासारखा आसंल.” त्यांनी पडदा तिच्याकडे थोडा वळवला. “मघापासनं मी बी बघतोय. काय सुदीक येत न्हाय की हे. तू म्हणालीस ढीगभर येतं.”

तेजस्वी टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली. शोधायच्या चौकोनात सरांनी इंग्रजीत लिहिलं होतं: पॅनेला कोल्हापूर.

तिला आठवत होतं त्याहून कितीतरी जास्त नावं जगात असतील. जपानी अक्षरांतलं कोकुतो तिने अजून शोधलेलं नव्हतं, आणि फिलिपीन्समध्ये काय म्हणतात ते तर तिला माहीतच नव्हतं. आपण आत्ता कुठला शब्द सवयीने टाकतोय हे आपल्याला कसं कळायचं, ते कुणी तिला सांगितलं नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “शेवटचा शब्द काढा.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग एका बोटाने, मागून पुढं, एकेक अक्षर खोडायला लागले.